कनातीआडची जत्रा

माझा धंदा मंडपाचा. लग्नाला आलेली माणसं नवरी बघतात, जेवण बघतात, एकमेकींच्या साड्या बघतात. वर कुणी बघत नाही. वर माझं कापड असतं. अर्धं आयुष्य मी या शहराच्या डोक्यावर कापड धरून उभा आहे आणि सगळ्या वऱ्हाडानं एकदम मान वर करून माझं काम पाहिलं, असं फक्त एकदा घडलं. तेव्हा मंडप खाली येत होता.

तो किस्सा मी सांगणार नाही. संपादकबाईंनी 'धंद्यातला एखादा अनुभव लिहा' असं म्हटलं तेव्हा त्यांना तोच हवा होता, हे मला कळलं. पण मी लिहिणार आहे पक्ष्यांबद्दल. मंडपवाल्याचा पक्ष्यांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटत असेल तर थोडं थांबा. पक्ष्यांनाही आधी तसंच वाटलं होतं.

मंडपात दोन प्रकारचं कापड असतं. डोक्यावरचं ते छत आणि बाजूनं भिंतीसारखी उभी करतात ती कनात. कनातीचं काम लपवायचं. आचाऱ्याच्या कढया, रुसलेली मावशी, पंगतीच्या आधी गुपचूप जेवून घेणारे व्याही, हे सगळं कनातीमागं असतं. आमच्या गोदामात एक फार जुनी कनात आहे. पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदारांनी हैदराबादची वाट धरताना सामान विकायला काढलं, तेव्हा माझ्या आजोबांनी ती घेतली. जाड सुती कापड, रंग वाळलेल्या चिखलाचा. जहागीरदार तिच्याआड बसून शिकार करायचे. आजोबांनी विचार केला, एवढं दणकट कापड, दोन-तीन पिढ्या लग्नं निघतील. एकही लग्न निघालं नाही. आमचे कारागीर रशीदभाई, आमच्या गोदामातली प्रत्येक शिवण ज्यांच्या हातची आहे, ते दर उन्हाळ्यात ती कनात झटकायला बाहेर काढायचे आणि दर उन्हाळ्यात तेच वाक्य बोलायचे.

"शेठ, ये शादी में लगाए तो दुल्हन समझेगी मय्यत में आ गई."

मग एकदा दुकानात दातांचे डॉक्टर आले. डॉक्टर धारूरकर. मला वाटलं, घरात कार्य आहे. मी गुलाबी, मोतिया, राणी असे सगळे रंग त्यांच्यापुढं पसरले. डॉक्टरांनी ते दातांचा एक्सरे बघावा तसे बघितले आणि म्हणाले, "यातलं काही नको. मातीसारखं दिसेल असं काही आहे का?"

मी रशीदभाईंकडं बघितलं. रशीदभाईंनी आभाळाकडं बघून दोन्ही हात उचलले.

डॉक्टरांची गरज अशी होती. पैठणच्या धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागं पसरलेलं पाणी, उन्हाळ्यात ओसरतो. तेव्हा पाण्याच्या मधोमध एक बेट वर येतं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ते पाण्याखाली असतं. ते वर आलं रे आलं की नदी सुरय नावाचे पक्षी तिथं अंडी घालायला येतात. करडे पंख, काळी टोपी, पिवळी चोच, आखूड लाल पाय. दिसायला बँडमास्तरसारखा रुबाबदार पक्षी, पण घर बांधायची अक्कल नाही. घरटं नाहीच. उघड्या वाळूत एक खळगा, त्यात दोन-तीन अंडी, ती पण खड्यांसारखीच दिसणारी. माणूस जवळ गेला की सगळी वस्ती उठून डोक्यावर तुटून पडते. डॉक्टरांनी टोपी काढून मला डोकं दाखवलं. पुरावा होता.

"मला एकच फोटो हवाय," डॉक्टर म्हणाले. "ऊन चढलं की हा पक्षी पाण्यावर जातो, पोट भिजवतो आणि तसाच ओला येऊन अंड्यांवर बसतो. अंडी गार करायला. पोटातून थेंब गळतायत आणि खाली अंडी, तेवढा एक क्षण."

आमच्याकडचा नियम असा की कनात आमच्या माणसाशिवाय दुकानाबाहेर जात नाही. म्हणून मी बरोबर गेलो. गेलो तो अडकलोच. डॉक्टरांचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी मी लग्नाचे मंडप पुतण्यावर सोपवून शहरातल्या फोटोवाल्यांना बेटावर न्यायला लागलो. बेटाला जाणारं गाव कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तुम्ही तिथं असाल, आणि तुम्ही लाल शर्ट घालून याल.

पक्ष्यासाठी कनात लावणं हे लग्नासारखंच असतं. घाई केली की सोयरीक मोडते. आधी लांब उभी करायची. पाखरांनी ती बघून घेतली, शिव्या दिल्या, विसरून गेली, की थोडी पुढं. मग आणखी थोडी. सगळ्यात मोठी गंमत माणूस आत बसवायची. तो आत जाताना पक्षी बघतात. मग ते अंड्यांवर परत येत नाहीत. म्हणून आम्ही तिघं आत जातो आणि दोघं बाहेर येऊन मोठमोठ्यानं बोलत बोटीकडं चालू लागतो. पक्ष्यांना वाटतं, गेले सगळे. आत तिसरा बसलाय हे त्यांच्या हिशेबात नसतं. लग्नात जेवणाची पानं मोजणाऱ्यांचीही हीच अवस्था असते, म्हणून मला नवल वाटलं नाही.

आणि एक नियम पक्का. उन्हात अंडं उघडं पडलं तर आतलं पिल्लू शिजतं. तेव्हा पक्षी थोड्या वेळात परतला नाही तर आतला माणूस कितीही मोठा असो, त्याला उठवायचं आणि बेट सोडायचं. हा नियम डॉक्टरांचा. मंडपात पाहुण्याला उठवणं मला जन्मात जमलेलं नाही, पण इथं मी शिकलो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. चितेगावचे एक कारखानदार होते. कनातीतून हळूच हात बाहेर काढून मला खुणावायचे. मी रांगत गेलो तर म्हणाले, "त्याला जरा डावीकडं घ्या ना." मी म्हटलं, "साहेब, तो मला विचारत नाही." ते नाराज झाले. कारखान्यात सगळे विचारतात. एक नवरा-बायको होते, त्यांनी आत बसून सकाळभर भांडण केलं, सगळं कुजबुजत. पक्षी हलला नाही. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "छान जागा आहे. इतकं शांतपणे आम्ही कधीच बोललो नव्हतो." पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आले. कॅमेरा विसरले होते, पण परत जाऊ म्हणाले नाहीत.

डॉक्टरांचा फोटो मात्र काही मिळत नव्हता. कधी पक्षी पाठमोरा, कधी ढग, कधी डॉक्टरांना शिंक. माणूस मुळात धीराचा. लोकांना तोंड उघडायला लावून त्यात तासन् तास बघायचं काम केलेलं. तो म्हणायचा, "होईल, होईल," आणि बेटावर एकच एक उंचवट्याचा दगड होता, त्यावर पाण्याची बाटली ठेवून कनातीत शिरायचा.

हा दगड लक्षात ठेवा.

त्या वर्षी धरणातलं पाणी उशिरा उतरलं. बेट उशिरा वर आलं, सुरय उशिरा आले. नेहमी अक्षय्य तृतीयेपर्यंत पिल्लं पळायला लागलेली असतात, त्या वर्षी तेव्हा अंडीच होती. आणि त्याच सुमारास मला गंगापूरकडच्या एका गावातून फोन आला. बोलणारे गावचे कारभारी, आबा.

"मंडपवाले, आमची म्हसोबाची जत्रा हाय रविवारी. आमचा गंगापूरचा मंडपवाला लग्नात गुतलाय. म्हसोबाच्या माळाला मंडप पायजे."

"देऊ की आबा. शब्द झाला."

"सामान होडीनं न्यावं लागतं बरं का."

फुगवट्याकाठी होडीनं सामान नेणं नवीन नाही. मी व्हय म्हटलं. मला जायचं होतं डॉक्टरांबरोबर बेटावर, म्हणून टेम्पो, बांबू आणि रशीदभाई गंगापूरकडं रवाना केले आणि मी पैठण रस्त्यानं निघालो.

शनिवारी दुपार कलताना मी बेटावर उभा होतो. कनात दोन दिवस आधीच लावून पुढं सरकवत आणलेली होती, डॉक्टर आत जायच्या तयारीत. दगडाच्या अगदी पायथ्याशी एका जोडीची तीन अंडी होती, फुटायच्या बेतात, आणि डॉक्टरांचा सगळा डाव त्या तीन अंड्यांवर होता. तेवढ्यात समोरच्या, गंगापूरकडच्या काठावरून होड्या येताना दिसल्या. पहिल्या होडीत बांबूंचा भारा धरून एक माणूस उभा. रशीदभाई. मी त्यांना हात केला. त्यांनी मला हात केला. मग दोघांचेही हात तसेच वर राहिले.

फोटोवाले ज्याला सुरयांचं बेट म्हणत होते, तोच त्या गावाचा म्हसोबाचा माळ होता. धरण झालं तेव्हा गाव उठून काठावर गेलं. देव गेला नाही. त्याला कौल लावला, विचारलं, त्यानं नकार दिला. तेव्हापासून देव वर्षातला बराच काळ पाण्याखाली राहतो, आणि उन्हाळ्यात वर आला की गाव होड्या करून त्याला भेटायला जातं, नवा शेंदूर लावतं, जत्रा करतं. दरसाल जत्रेपर्यंत पिल्लं पळालेली आणि आमचे फोटोवाले परतलेले असतात, आणि मागच्या वर्षीचा शेंदूर पाण्यानं धुऊन गेलेला असतो. शेंदूर नसलेला देव दगडासारखा दिसतो. यात देवाची चूक नाही आणि आमचीही फारशी नाही.

होडीतून पहिल्यांदा उतरल्या शेवंताआत्या. सगळं गाव त्यांना आत्याच म्हणतं, आबांसकट. हातात ताट, नऊवारीचा काचा मारलेला. त्या सरळ दगडाकडं चालत आल्या. डोक्यावर सुरयांचा कल्लोळ सुरू झाला. दगडापाशी येऊन त्या थांबल्या.

"देवाच्या डोस्क्यावर बाटली कुणी ठिवली?"

डॉक्टरांनी बाटली उचलली. ती कुठं लपवावी ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती शर्टात घातली.

शेवंताआत्यांचं काम साधं होतं आणि ते टळणारं नव्हतं. त्यांच्या मुलीला, मनीषाला, बऱ्याच वर्षांनी मूल झालं होतं. म्हसोबाला नवस होता, बाळ देवाच्या पायाशी आणून घालायचं, उघड्या जमिनीवर. जावई फौजेत. रविवारची जत्रा झाली की सोमवारी त्याची गाडी, बायको-मुलासकट, पार सरहद्दीकडं. देव पुन्हा पाण्यात गेला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भेट नाही. आणि देवाच्या पायाशी, बाळ जिथं घालायचं नेमक्या त्या जागी, तीन अंडी होती.

"पाखरं काय, उडून जातील, दुसरीकडं घालतील," आबा म्हणाले. "देव कुठं जाईल?"

डॉक्टरांनी समजवायला सुरुवात केली. फार चांगलं बोलले. 'अधिवास' म्हणाले, तेव्हा मी ओळखलं की काम बिघडलं. आबांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "हे तुमच्याकडचे भटजी काय?"

 शेवंताआत्या या सगळ्यात खाली उकिडव्या बसून अंड्यांकडं बघत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "डाक्टर, हे कवा फुटायचं?"

"आज-उद्या. कोणत्याही क्षणी."

"म्हंजी बाळंतीण हाय."

"नाही, म्हणजे, पक्ष्यांमध्ये..." डॉक्टर सांगू लागले. सुरयांमध्ये नरसुद्धा अंड्यांवर बसतो, ही माहिती त्यांच्या ओठावर आलेली मला दिसली. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

आत्या उठल्या. "आबा, बाळंतिणीच्या दारात हलगी वाजवायची व्हय?"

"आत्या, ते पाखरू हाय."

"दरसाल हितंच येतंय बाळंतपणाला. गावची लेकच म्हणायची. तुमच्या सुनंच्या वक्ताला तुम्ही गल्लीतले समदे ट्रॅक्टर बंद करायला लावले व्हते. आमच्या दादाला बैलगाडी जुंपायला लावली. इसरलात?"

मागं उभ्या होड्यांतून हसण्याचा आवाज आला. आबांनी मागं बघितलं. हसणं थांबलं.

"मग नवसाचं काय?" त्यांनी हळू विचारलं.

"नवस म्या फेडणार," आत्या म्हणाल्या. "उद्याच फेडणार. आन पाखराला बी उठवणार नाय." मग त्या माझ्याकडं वळल्या. "मंडपवाले, तुम्ही शब्द दिलाय जत्रेचा. काढा वाट."

इथं मला तुम्हाला सांगावंसं वाटतं की माझ्या डोक्यात वीज चमकली. तसं काही झालं नाही. मी कनातीकडं बघत राहिलो, कारण दुसरीकडं कुठं बघायला तोंड नव्हतं. रशीदभाई पण कनातीकडंच बघत होते. लग्नात नवरा-नवरीच्या मधे अंतरपाट धरतात, तसं ते कापड वाऱ्यानं हलत होतं.

"शेठ," रशीदभाई म्हणाले, "अम्मा को पर्दे में ले चलते. चलता पर्दा."

म्हणजे असं. कनातीचे चारही बांबू आतून उचलायचे, बोटभर. आत माणसं. सगळी खोली एकदम एक वीत पुढं. टेकवायची. थांबायचं. पाखरं निवांत झाली की पुन्हा एक वीत. कनात चालत देवापर्यंत जाईल, नवस आतल्या आत होईल आणि ती चालतच परत येईल. बाकी गाव लांब, होड्यांत.

पण त्यासाठी डॉक्टरांना कनात सोडावी लागणार होती. तेही अंडी फुटायच्या रविवारी. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघू लागलो. डॉक्टर बराच वेळ आपल्या त्या भल्यामोठ्या लेन्सचं टोपण लावत आणि काढत होते.

"न्या," ते म्हणाले. "फक्त ऊन चढायच्या आत उरका. आणि पक्षी उठला, आणि परतला नाही, तर परत फिरायचं. मग नवस अर्धा राहिला तरी."

"कबूल," आत्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी जगातली पहिली मुकी जत्रा निघाली. हलगीवाल्यांनी हलग्या गोधडीत गुंडाळून पोटाशी धरल्या होत्या. पोरांना काठावरच ठेवलं, मटणाच्या चुलींजवळ. माझा मंडपही तिकडंच. होड्या बेटापासून बेताच्या अंतरावर थांबल्या. पहिल्या होडीत आबा आणि त्यांच्या शेजारी डॉक्टर, झाडापानांचं चित्र असलेले कपडे घालून, मांडीवर कॅमेरा. कनात नाही तर नाही, बोटीतून मिळेल ते घेऊ, असा त्यांचा विचार होता.

कनातीत आम्ही चौघं मोठी माणसं आणि एक बाळ. पुढं शेवंताआत्या, मधे मनीषा बाळाला घेऊन, मागच्या दोन बांबूंना मी आणि रशीदभाई. पुढचे बांबू आमच्याच हातातल्या आडव्या काठीला बांधलेले. आतून बाहेरचं फक्त एका फटीतून दिसायचं, कॅमेऱ्याच्या नळीसाठी ठेवलेल्या. बाकी आपली पायाखालची जमीन. आणि पायाखालच्या जमिनीत दुसऱ्यांची अंडी.

हे आम्ही कुणीच हिशेबात धरलं नव्हतं. दगडाशी एक घर, पण वाटेत अख्खी आळी. आत्या कमरेत वाकून, सुपात तांदूळ निवडावेत तशी जमीन निवडत चालल्या.

"थांबा. डाव्या अंगाला दोन."

आम्ही उजवीकडं.

"थांबा. हितं बी हाय. ही कुणाची सून म्हणायची, वाटंतच बसलीय."

आम्ही डावीकडं. रशीदभाईंच्या कपाळावरून घाम गळत होता. "शेठ," ते कुजबुजले, "इत्ते संभल के तो मैं ससुराल में भी नहीं चला."

"हसवू नका," मनीषा म्हणाली. "बाळ उठंल."

वळसे घेता घेता व्हायचं तेच झालं. ऊन चढलं. आम्ही दगडाच्या मागच्या अंगाला कनात टेकवली तेव्हा कापड तव्यासारखं तापलं होतं. आत्यांनी फटीतून बघितलं. दगडाच्या पलीकडच्या पायथ्याशी पक्षी अंड्यांवर बसलेला होता, चोच उघडी, धापा टाकत. हातभर अंतर. आत्यांनी मनीषाला खूण केली, घाल बाळाला खाली.

आणि बाळ रडलं.

साधंसुधं नाही. बऱ्याच वर्षांनी झालेलं मूल जसं रडेल तसं. पक्षी उठला. पंखांचा आवाज झाला आणि तीन अंडी उन्हात उघडी पडली.

मनीषानं बाळाला छातीशी घेतलं. ते गप्प झालं. आम्ही थांबलो. पक्षी नाही. फटीतून मला होड्या दिसत होत्या. सगळं गाव उभं राहून बघत होतं. आणखी थांबलो. पक्षी नाही. माझ्या धंद्यात पाहुण्याला उठवण्याची वेळ येते तेव्हा मी नेहमी माणूस पाठवतो. इथं पाठवायला कुणी नव्हतं.

"आत्या," मी म्हटलं, "फिरावं लागंल."

मनीषानं आईकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. देव एवढा जवळ होता की कनातीतून हात काढला तर लागला असता. आत्यांनी दगडाकडं बघितलं, उघड्या अंड्यांकडं बघितलं, मग पदर खोचला.

"चला," त्या म्हणाल्या. "तिच्या लेकरांच्या जिवावर माझ्या लेकराचा नवस नगं. देवाला समजंल. नाय समजलं तर म्या सांगन त्याला."

आम्ही बांबूंना हात घातले. तेवढ्यात वरून सावली आली.

पक्षी आधी दगडाच्या डोक्यावर उतरला. पोट चिंब. बाळाच्या रडण्यानं उडालाय असं आम्ही धरून चाललो होतो. तो नेहमीच्या कामाला गेला होता. पाण्यावर, पोट भिजवायला. त्याच्या पोटातून थेंब गळत होते आणि ते दगडाच्या माथ्यावरून खाली ओघळत होते. मग तो खाली उतरला, अंड्यांवर अलगद बसला, डावी-उजवीकडं हलून नीट टेकला आणि त्यानं डोळे अर्धे मिटले.

"देवाला आंघोळ घातली गं तिनं," शेवंताआत्या म्हणाल्या. इतक्या हळू, की ते मला ऐकू आलं की वाटलं, हे आज सांगता येत नाही. "आता घाल त्याला खाली."

मनीषानं बाळाला जमिनीवर ठेवलं. कनातीची खालची कड थोडी वर केली, बाळाचं डोकं दगडाला लागलं. एका अंगाला अंडी, एका अंगाला नातू, मधे देव. बाळ झोपलं होतं. आत्यांनी फटीतून बोट काढून दगडाच्या पाठीला शेंदराचा एक ठिपका लावला, पुढून लावला तर त्या बाईला त्रास होईल म्हणून. त्या वर्षी देवाला शेंदूर तेवढाच. मग आम्ही आलो तसे, निवडत निवडत, मागं गेलो. नारळ होडीच्या लोखंडी नांगरावर फुटला. हलग्या काठावर गेल्यावर वाजल्या, आणि अशा वाजल्या की रशीदभाई पण नाचले. दोन दिवसांनी डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून फोन केला, पिल्लं निघाली होती. मी ते आत्यांना फोनवर कळवलं, तर त्यांनी विचारलं, "समदी?" मी म्हटलं, "समदी." त्या वेळी अंड्यांवर बसलेला तो पक्षी मादी होती की नर, हे कुणालाच ठाऊक नाही. आत्यांना सांगू नका.

आता डॉक्टरांचं. होडीतून त्या जागेपर्यंत डॉक्टरांची लेन्स आरामात पोहोचते. ऊन समोरून, पक्षी समोर, पोट ओलं, मागं देव, खाली अंडी, शेजारी कनातीच्या कडेतून डोकावणारी बाळाची टाळू. असा फोटो या धरणावर कधी कुणाला मिळालेला नाही आणि मिळणारही नाही. मी काठावर उतरल्या उतरल्या त्यांच्याकडं धावलो.

"दाखवा!"

"नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"का? कॅमेरा बिघडला?"

"कॅमेरा मांडीवर होता." त्यांनी दोन्ही हात पुढं करून दाखवले, अजून तसेच आडवे धरलेले, जणू त्यांत काहीतरी आहे. "बरोबर त्याआधी आबांनी माझ्या हातात नैवेद्याचं ताट दिलं. म्हणाले, डाक्टर, देवासाठी तुम्ही कनात सोडली, हा मान तुमचा."

"अहो, मग खाली ठेवायचं क्षणभर!"

डॉक्टर माझ्याकडं असे बघू लागले, जणू मीच परक्या मुलखातून आलोय.

"नैवेद्य खाली कसा ठेवणार?" ते म्हणाले.

 पुरणपोळी, वरणभात, कुरडई, वर तुपाची धार असलेलं ताट पायाशी, तेही होडीत, कुणी ठेवत नाही. मीही ठेवलं नसतं.

फोटो नाही म्हणून आबांना फार वाईट वाटलं. भरपाई म्हणून त्यांनी गावाच्या वतीनं जाहीर करून टाकलं की नैवेद्याच्या ताटाचा मान आता कायमचा डॉक्टरांचा. पाणी वेळेवर उतरो की उशिरा, दर उन्हाळ्यात जत्रा मुकीच निघते, कनात पुढं, गाव मागं. पहिल्या होडीत झाडापानांच्या कपड्यांतले दातांचे डॉक्टर दोन्ही हातांत ताट घेऊन ताठ बसलेले असतात, मांडीवर कॅमेरा. ऊन चढतं. पक्षी पाण्यावर जातो, पोट भिजवून येतो, देवाच्या डोक्यावर उतरतो. डॉक्टर सगळं बघतात, पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत. ताट हलत नाही.